एक नाव, एक ओंजळ : कारगिल विजय दिनी मुलांसोबत स्मरण कसे करावे?



२६ जुलै जवळ आला की आपल्या बालसंस्कार वर्गांमध्ये तयारी सुरू होते. देशभक्तीपर गीते बसवली जातात, तिरंगी पताका लागतात, एखाद्या चिमुकल्याला लष्करी गणवेश चढवला जातो. हे सारे प्रेमानेच होते. पण कार्यक्रम संपवून घरी परतणाऱ्या मुलाला एक प्रश्न विचारून पाहा : "आज आपण कोणाची आठवण काढली?" मूल म्हणेल, "सैनिकांची." पुढे विचारा, "कोणत्या सैनिकाची?" बहुतेक वेळा मूल गप्प होते.

या गप्प होण्याकडे आपण लक्ष द्यायला हवे. "सैनिक" या शब्दाला चेहरा नसतो. त्याला आई नसते, गाव नसते, अर्धवट राहिलेले घराचे बांधकाम नसते. ज्याला चेहरा नाही त्याच्याविषयी घोषणा देता येते. कृतज्ञता वाटत नाही. म्हणून या लेखात एकच गोष्ट आपल्यासमोर ठेवायची आहे. स्मरणाच्या दिवशी प्रत्येक मुलाने एका हुतात्म्याचे नाव जाणून घ्यावे आणि त्या नावाशी नाते जोडावे. बाकी सारे त्या नात्यातून येते.

१. आपल्या परंपरेत स्मरण नावाने होते

तर्पण करताना आपले वडीलधारे काय करतात ते आठवा. "सर्व पूर्वजांना" असे म्हणून ते एकदम पाणी सोडत नाहीत. एकेकाचे नाव घेतात, गोत्र उच्चारतात आणि मग ओंजळीतून पाणी सोडतात. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र म्हणण्याची सोय शास्त्राने करून ठेवली आहे. गोत्र माहीत नाही म्हणून कोणी तहानलेला राहू नये, हा त्यामागचा भाव.

आपल्या पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीला "शस्त्रादिहत पितृश्राद्ध" असे छापलेले असते. पितृपक्षात ज्याची जी तिथी त्या दिवशी त्याचे श्राद्ध होते. पण शस्त्राने ज्यांना मरण आले त्यांच्यासाठी ही तिथी वेगळी राखून ठेवलेली आहे. रणात पडलेल्यांची आठवण ठेवणे आपल्या पूर्वजांनी थेट दिनदर्शिकेत बसवले, हे आपल्यापैकी किती जणांनी मुलांना सांगितले आहे?

याहून हृदयाला भिडणारी तिथी म्हणजे माघ शुद्ध अष्टमी, भीष्माष्टमी. भीष्म आजन्म ब्रह्मचारी राहिले. त्यांना मूलबाळ नव्हते. मग त्यांना पाणी कोणी द्यायचे? परंपरेने उत्तर दिले : सर्वांनी. ज्यांचा भीष्मांशी रक्ताचा काही संबंध नाही, असे हजारो लोक त्या दिवशी त्यांच्या नावाने पाणी सोडतात. ज्याने इतरांसाठी आयुष्य वाहिले, त्याचा वंश म्हणजे मागे राहिलेला सगळा समाज.

कारगिलमध्ये हुतात्मा झालेल्यांपैकी कितीतरी जण विशी-बाविशीचे होते. अनेकांची लग्ने व्हायची होती. त्यांना "बाबा" म्हणणारे कोणी नाही. त्यांच्या वाटची ओंजळ कोणाच्या हातात असावी? आपल्या मुलांच्या, हेच त्याचे उत्तर आहे.

(एक खुलासा आवश्यक आहे. तर्पणाचा विधी लहान मुलांकडून करवून घ्यावा, असे येथे सुचवायचे नाही. विधीचे नियम आपापल्या घराण्यातील वडीलधाऱ्यांकडून समजून घ्यावेत. मुलांनी त्यामागचा भाव घ्यायचा आहे.)

२. विजयानंतरचे पहिले काम

मुलांना महाभारत सांगताना आपण बहुधा अठराव्या दिवशी थांबतो. दुर्योधन पडला, पांडव जिंकले, गोष्ट संपली. पण व्यास तेथे थांबत नाहीत. त्यांनी पुढे स्त्रीपर्व लिहिले. रणभूमीवर आपापल्या माणसांना शोधत फिरणाऱ्या आया, बहिणी आणि पत्नी यांचे ते पर्व आहे.

त्या पर्वात युधिष्ठिर जे पहिले मोठे काम करतो, ते राज्याभिषेकाचे नाही. तो विदुर, संजय, धौम्य आदींना सांगतो की, रणात पडलेल्या सर्वांचे अंत्यसंस्कार करा. ज्यांचे कोणी नाही त्यांचेही करा, पाहणारे कोणी नाही म्हणून एकाही देहाची हेळसांड होता कामा नये. मग चिता पेटतात. नंतर सारे गंगेवर जातात आणि जलांजली देतात. तेथेच कुंती सांगते की, कर्ण हा तुमचा थोरला भाऊ होता. ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर शस्त्र धरले, त्याच्यासाठीही युधिष्ठिर पाणी सोडतो.

ही कथा आठ-दहा वर्षांच्या मुलाला नीट समजते. तिच्यातून त्याला तीन गोष्टी न शिकवता कळतात. विजयाच्या दिवशीही रडणारे असतात. ज्याचे कोणी नाही त्याची जबाबदारी राजाची, म्हणजेच सर्वांची असते. आणि मेलेल्याशी वैर धरायचे नसते. "विजय दिन" या शब्दातला "विजय" मुलाला सांगण्याआधी हे पर्व सांगितले, तर त्या विजयाची किंमत त्याला आपोआप कळेल.

३. कारगिल मुलांना कसे सांगावे?

आज शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी १९९९ हे साल आजीच्या काळासारखे दूर आहे. म्हणून सुरुवात साध्या माहितीने करावी.

लडाखमध्ये द्रास नावाचे गाव आहे. माणसे राहतात अशा जगातल्या अतिशय थंड ठिकाणांत त्याची गणना होते. गावाजवळून श्रीनगर-लेह महामार्ग जातो. त्या रस्त्यावर नजर ठेवता येईल अशा उंच डोंगरांवर १९९९ साली पाकिस्तानी सैनिक चोरून येऊन बसले होते. त्यांना हटवायचे तर खालून वर चढायचे होते, तेही रात्रीच्या अंधारात, उघड्या कड्यांवरून, वरून गोळ्या येत असताना. टायगर हिल हे शिखर सोळा हजार फुटांहून उंच आहे. कळसूबाईच्या तिपटीहून जास्त! सह्याद्रीत ट्रेक केलेल्या मुलांना ही तुलना लगेच कळते. तेथे नुसते चालतानाही धाप लागते. मे ते जुलै असे हे युद्ध चालले. २६ जुलै रोजी ते संपले. भारताचे ५२७ सैनिक हुतात्मा झाले आणि तेराशेहून अधिक जखमी झाले.

५२७ हा आकडा मुलाला सांगून पुढे जाऊ नका. त्याला विचारा, "तुझ्या वर्गात किती मुले आहेत?" पन्नास असतील तर सांगा, "असे दहा वर्ग भरतील, तरी काही जण बाहेर उभे राहतील." आणि मग त्या दहा वर्गांतून एका बाकावरच्या एकाच मुलाकडे त्याला घेऊन जा.

कॅप्टन विक्रम बत्रा आणि लेफ्टनंट मनोजकुमार पांडे यांची नावे बऱ्याच मुलांनी ऐकलेली असतात. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. दोघेही चोवीस वर्षांचे होते. ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव आणि रायफलमॅन संजय कुमार यांनाही परमवीर चक्र मिळाले आणि ते दोघे युद्धातून परतले. टायगर हिलवर चढले तेव्हा यादव अवघे एकोणीस वर्षांचे होते. परतलेल्यांचीही गोष्ट मुलांना सांगावी. नाहीतर शौर्य म्हणजे मरण, असा चुकीचा समज त्यांच्या मनात घर करतो.

त्यांच्या जोडीने कॅप्टन विजयंत थापर यांची गोष्ट अवश्य सांगा. राजपुताना रायफल्सचा हा अधिकारी जून १९९९ च्या शेवटी हुतात्मा झाला. वय बावीस. आपल्याकडे पदवी घेऊन नोकरीचे अर्ज भरण्याचे हे वय. चढाईला निघण्याआधी त्यांनी घरच्यांसाठी एक पत्र लिहून ठेवले होते. त्या पत्रात त्यांनी आपल्या शरीराचे जे अवयव उपयोगी पडतील ते द्यावेत, असे लिहिले. अनाथाश्रमाला काही पैसे द्यावेत, असे लिहिले. आणि आणखी एक बारीकशी गोष्ट लिहिली : काश्मीरमधल्या एका लहान मुलीला ते दरमहा पन्नास रुपये देत असत, ते देणे चालू ठेवावे.

उद्या आपण असू की नसू हे माहीत नाही, अशा रात्री या तरुणाला पन्नास रुपयांची आठवण राहिली! जमाखर्चाच्या वहीत पन्नास रुपये ही काय नोंद आहे? पण ज्याने ते देण्याचा शब्द मनाशी दिला होता, त्याच्या दृष्टीने तो हिशेब अपुरा ठेवून जाणे शक्य नव्हते. मुलांना वीरता शिकवायची असेल तर हे पन्नास रुपये शिकवा. कड्यावर चढायची वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर येते. दिलेला शब्द पाळण्याची वेळ रोज येते.

४. मुले विचारतील ते प्रश्न

नावाशी नाते जुळले की मूल प्रश्न विचारू लागते. हे प्रश्न टाळू नका. काही प्रश्न असे असतात :

"तो परत येणार का?" चार-पाच वर्षांचे मूल हे हमखास विचारते. "तो देवबाप्पाकडे फिरायला गेला" किंवा "झोपला" असे सांगू नये. मूल मग झोपायलाच घाबरते. शांतपणे सांगावे, "नाही, तो परत येणार नाही. म्हणून तर आपण त्याची आठवण ठेवतो."

"देवाने त्याला का वाचवले नाही?" हा प्रश्न मोठ्यांनाही पडतो. याचे पाठ केलेले उत्तर देण्याची घाई करू नका. भगवद्गीता सांगते की, आत्म्याला शस्त्रे कापू शकत नाहीत. हे आपण श्रद्धेने मानतो. पण ज्या अर्जुनाने ही गीता प्रत्यक्ष भगवंताच्या मुखातून ऐकली, तोच अर्जुन पुढे अभिमन्यू पडला तेव्हा ढसढसा रडला. श्रीकृष्णाने त्याला "एवढी गीता सांगितली, तरी रडतोस?" असे म्हटले नाही. त्याने अर्जुनाला आधार दिला, सुभद्रेचे सांत्वन केले. मुलाला एवढे सांगावे : "देव त्या आईजवळही होता आणि त्या सैनिकाजवळही होता. तरीही आईला रडू येणारच. ज्याच्यावर प्रेम असते त्याच्यासाठी रडणे हे पाप नाही." एखाद्या वीरमातेसमोर आत्म्याच्या अमरत्वावर बोलण्याचा मोह मोठ्यांनीही आवरावा. ते ज्ञान तिने आपल्याला सांगायचे, आपण तिला नव्हे.

"मग मीही लढताना मरायला हवे का?" हा प्रश्न मुले क्वचितच मोठ्याने विचारतात, पण स्फूर्तिगीते ऐकताना तो मनात येतो. उत्तर स्वच्छ असावे : "नाही. तू नीट जगावेस म्हणून तो लढला. तू मोठा होऊन सैन्यात गेलास तर आम्हाला अभिमान वाटेल. डॉक्टर, शेतकरी, शिक्षिका झालीस तरी तितकाच वाटेल. तू जे करशील ते प्रामाणिकपणे कर, म्हणजे त्याचे देणे फिटत राहील."

"पलीकडचे सैनिक राक्षस होते का?" या प्रश्नाला थोडा अधिक वेळ द्यायला हवा.

५. स्मरणात द्वेषाची भेसळ नको

टायगर हिलच्या लढाईत पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान (यातले "कर्नल" हे त्याच्या नावातच होते) अतिशय त्वेषाने लढला आणि मारला गेला. त्याच्याशी लढलेल्या भारतीय तुकडीच्या ब्रिगेडियरने त्याचा देह परत पाठवताना त्याच्या शौर्याची नोंद करणारी चिठ्ठी सोबत दिली. पुढे पाकिस्तानने त्याला आपला सर्वोच्च शौर्य सन्मान दिला. याच युद्धात पर्वतांवर सापडलेल्या अनेक पाकिस्तानी सैनिकांचे दफन भारतीय जवानांनी इस्लामी रीतीप्रमाणे केले.

ज्यांनी आपले मित्र डोळ्यांसमोर गमावले होते, त्यांनी हे केले. स्त्रीपर्वातला युधिष्ठिर आणि कारगिलमधला जवान यांच्यात सुमारे सोळा हजार फुटांची उंची आहे, पण धर्म तोच आहे. जे रणात उभे होते त्यांनी एवढा संयम पाळला, तर पंख्याखाली बसून घोषणा देणाऱ्या आपण मुलांच्या मनात विष का कालवावे? आपल्या भूमीचे रक्षण करणे हे कर्तव्य आहे, हे मुलाला ठामपणे सांगा. कोणाचा तिरस्कार करणे हे कर्तव्य नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगा.

याच ओघात मुलांसमोर परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे मोठ्याने वाचावीत. १९६५ मध्ये अब्दुल हमीद आणि अर्देशीर तारापोर. १९६२ मध्ये सुभेदार जोगिंदर सिंग. १९७१ मध्ये लान्स नायक अल्बर्ट एक्का. त्याआधी १९४८ मध्ये कारवारचे रामा राघोबा राणे, ज्यांनी सुरुंग पेरलेल्या वाटेवरून रणगाड्यांना रस्ता करून दिला आणि जे सुखरूप परतले. ही नावे ऐकताना मुलाला कोणी वेगळे सांगायला नको की, हा देश कोणाकोणाचा आहे. सैन्याच्या अनेक तुकड्यांमध्ये "सर्व धर्म स्थळ" असते, एकाच छताखाली सर्वांची प्रार्थना होते. आपल्या कार्यक्रमातही हेच वातावरण असावे.

६. मुले आपल्याकडे पाहत असतात

आता थोडे आपल्या मोठ्यांविषयी. कार्यक्रमाला आपण वीरपत्नीला बोलावतो. शाल, श्रीफळ, टाळ्या, छायाचित्र. मुले हे पाहतात. सहा महिन्यांनी संक्रांत येते. त्याच सोसायटीत हळदीकुंकू असते. घरोघरी निरोप जातो आणि त्या एका दाराशी मात्र पावले अडखळतात. मुले हेही पाहतात.

जुलैमध्ये जिचा सन्मान केला तिला जानेवारीत वगळले, तर मुलाने यातले खरे काय मानायचे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचे ठरवले. एक गाव हे करू शकते, तर आपले घर का नाही? लेफ्टनंट कर्नल होण्याचे भाषण मुलांसमोर देण्यापेक्षा या संक्रांतीला ते एक दार वाजवा. मुलीला सोबत न्या. तिच्या हाताने वाण द्या. त्या दिवशी मुलगी जे शिकेल ते कोणत्याही संस्कार वर्गात शिकवता येणार नाही.

सैनिक कर्नल संतोष महाडिक हे साताऱ्याचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ते हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर प्रशिक्षण घेतले आणि २०१७ मध्ये त्या स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. "बिचारी" हा शब्द आपल्या घरात कोणाविषयी वापरायचा आणि कोणाविषयी नाही, याचा विचार ही घटना करायला लावते.

वर्गात एखादे मूल असे असते, ज्याचे वडील किंवा काका खरोखर हुतात्मा झालेले असतात. त्याला न विचारता मंचावर उभे करू नका. त्याच्या आईला आधी भेटा, मुलालाही वेगळे विचारा. "नाही" म्हणाले तर तो विषय तेथेच थांबवा. त्या मुलासाठी तो दिवस उत्सवाचा नसतो. त्याला शेवटच्या बाकावर शांत बसायचे असेल, तर त्याच्या शेजारी एक मित्र बसवा. तेवढा सन्मान पुरे आहे.

७. अर्ध्या तासाचे स्मरण

वर्गात किंवा घरी करता येईल असा साधा क्रम पुढे दिला आहे. खर्च काही नाही. ध्वनिक्षेपकाचीही गरज नाही.

आठवडाभर आधी : प्रत्येक मुलाने एका हुतात्म्याचे नाव मिळवायचे. शक्यतो आपल्याच तालुक्यातले, जिल्ह्यातले. गावाच्या वेशीवरचे किंवा चौकातले स्मारक पाहावे. शाळेला, रस्त्याला कोणाचे नाव आहे ते विचारावे. अनेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, तेथे वडीलधाऱ्यांनी चौकशी करावी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाला तर लोक "अपशिंगे मिलिटरी" म्हणूनच ओळखतात, तेथल्या घराघरातून माणसे सैन्यात गेली. बडोदा, इंदूर, बेळगाव, दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपण राहतो त्या शहरातले नाव निवडावे. ज्या मातीचे अन्न खातो, तिथल्या माणसाचे ऋण आधी.

त्या दिवशी :

• जमिनीवर सर्वांनी गोलाकार बसावे. मध्ये एक समई आणि पाण्याने भरलेला एक कलश. फुले हवीत तर अंगणातली.

• मोठ्यांपैकी एकाने पाच मिनिटांत कारगिलची किंवा स्त्रीपर्वाची गोष्ट सांगावी. त्याहून जास्त बोलू नये.

• एकेका मुलाने उभे राहून आपण शोधलेले नाव, गाव आणि त्या व्यक्तीविषयीची एक साधी गोष्ट सांगावी. "त्याला कबड्डी आवडायची" एवढे कळले असेल तरी चालेल. गोष्ट कळली नसेल तर फक्त नाव घ्यावे. नाव मात्र अचूक हवे.

• दोन मिनिटे मौन. लहान मुलांना आधी सांगून ठेवावे की, या वेळात आपल्या नावाचा मनात जप करायचा आहे. मनाला धरायला काही मिळाले की चार वर्षांचे मूलही शांत बसते.

• शेवटी सर्वांनी बाहेर जाऊन एखाद्या झाडाच्या मुळाशी आपापली ओंजळ पाणी घालायचे. पाणी सोडताना नाव उच्चारायचे. जुलैत पाऊस असतो, झाडाला पाण्याची गरज नसते, असे एखादा चुणचुणीत मुलगा म्हणेलच. त्याला सांगा, "झाडाला नसेल, आपल्याला आहे."

खोट्या बंदुका, चेहऱ्यावर रंगवलेले रक्त, मरून पडण्याचा अभिनय हे प्रकार टाळावेत. ज्यांच्या घरी हे खरे घडले आहे, ते समोर बसलेले असू शकतात.

बारा वर्षांपुढील मुलांना स्मारक दाखवायला न्यावे. नवी दिल्लीत इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्ध स्मारक राष्ट्राला अर्पण झाले. त्यातील त्याग चक्रात वर्तुळाकार भिंती आहेत आणि त्यांतील ग्रॅनाइटच्या प्रत्येक विटेवर एकेका हुतात्म्याचे नाव सोनेरी अक्षरांत कोरलेले आहे. पंचवीस हजारांहून अधिक नावे. तेथे जाल तेव्हा मुलाला सर्व भिंतींसमोरून पळवत नेऊ नका. एका नावापुढे थांबू द्या, बोट फिरवून वाचू द्या. पुण्यात घोरपडी येथेही युद्धस्मारक आहे. ते नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले. द्रासला जाणे ज्यांना शक्य असेल त्यांनी तोलोलिंगच्या पायथ्याचे स्मारक अवश्य पाहावे.

आणि दूर जायचे नसेल, तर गावातल्या जुन्या शिवमंदिराच्या आवारात जा. तेथे बऱ्याचदा एक कोरीव दगड उभा असतो. लोक त्याला शेंदूर लावतात, देव म्हणून पाया पडतात. तो वीरगळ असतो. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरे सोडवताना पडलेला वीर, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. सूर्य-चंद्र असेपर्यंत याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर तर जहाजांतली लढाई कोरलेली आहे. पण बहुतेक वीरगळांवर नाव नाही. आठशे-हजार वर्षांत दगड राहिला, नाव गेले. मुलाला त्या दगडापुढे उभे करून एवढेच सांगा : "याचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. म्हणून ज्यांचे कळते त्यांचे विसरू नये."

८. वर्षभराचे नाते

२६ जुलैला जोडलेले नाते २७ जुलैला तुटू नये. वर्षात आणखी दोन दिवस मुलाच्या वहीत लिहून ठेवा. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन. १९४९ पासून तो पाळला जातो. त्या निमित्ताने जमणारा निधी वीरपत्नी, जखमी जवान आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वापरला जातो. मुलाने आपल्या खाऊच्या पैशांतून त्यात भर घालावी; दहा रुपये असले तरी चालतील, मात्र ते त्याचे स्वतःचे असावेत. ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता देशासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मरणार्थ दोन मिनिटांचे मौन पाळले जाते. त्या वेळी मूल शाळेत असेल, आपण कार्यालयात असू. तरी त्या दोन मिनिटांत दोघांच्या मनात एकच नाव असू शकते.

जवळपास एखादे वीर कुटुंब असेल, तर दिवाळीत फराळ घेऊन जा. भाषण करायला जाऊ नका. बसा, चहा घ्या. आजोबांना बँकेत जायला सोबत हवी असेल तर जा. कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून द्यायच्या असतील तर मुलाला पाठवा. त्या घरातून मुलाला बोलावणे येऊ लागले की समजा, स्मरण खऱ्या अर्थाने सुरू झाले.

काही ऋणे फेडून संपत नाहीत. मातृऋण संपते का? ते आपण वागण्यातून फेडत राहतो आणि पुढच्या पिढीच्या हाती देतो. हे ऋणही तसेच आहे. म्हणून या २६ जुलैला मुलांसोबत बसून, डोळे मिटून, आपल्या शब्दांत एवढी प्रार्थना करूया :

हे परमेश्वरा, ज्याचे नाव आज मी घेतले त्याला शांती दे. त्याच्या आईला धीर दे. त्याने जे माझ्यासाठी सोडले ते मी वाया घालवू नये, एवढी बुद्धी मला दे. माझ्या मनात कोणाविषयी वैर राहू देऊ नकोस. आणि पुढच्या वर्षी याच दिवशी हे नाव मला न विचारता आठवू दे.